गाळलेली चिन्हं

रंगनाथ भिंगारदिवे यांच्याइतका घाबरट माणूस अख्ख्या सावेडीत शोधून सापडला नसता. दारावर कुणी टकटक केली की यांचा हात आधी छातीवर जायचा आणि मग कडीकडं. दूधवाला आला तरी तेच. पण त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण चौतीस वर्षं ते जामखेडच्या तार कार्यालयात तारा कानानं ऐकून उतरवून घेणारे सिग्नलर होते. कोणाचा बाप गेला, कोणाची बस दरीत गेली, हे घरच्यांना कळायच्या तासभर आधी रंगनाथांच्या कानात कट्-कट् करत येऊन बसायचं. तो तासभर ते दुःख यांनी एकट्यानं सांभाळायचं. असली नोकरी केल्यावर माणूस आणखी कसा होणार?

एक अभिमान मात्र त्यांना जबर होता. आपण उतरवलेल्या तारेत कधी चूक निघाली नाही. जामखेडची लाइन म्हणजे काय विचारता! कुठं खांब कललेला, कुठं तारेवर बाभळीची फांदी टेकलेली. मधूनच नुसतीच टिकटिक घुसायची, जिला ना अर्थ ना ठाव. मजकूर कोणता आणि कचरा कोणता हे ज्याला कळतं तो खरा सिग्नलर, असं ते नव्या पोरांना शिकवत. कचरा गाळायचा, मजकूर उतरवायचा, हात थांबू द्यायचा नाही. ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही.

एकुलता एक मुलगा चेतन नव्व्याण्णव साली जानेवारीत अमेरिकेला गेला. कॉम्प्युटरवाला. त्यांच्या वस्तीतून समुद्रापलीकडं जाणारा पहिलाच. मग काय, विहारात सत्कार झाला, शाल झाली, भाषणं झाली. वस्तीतल्या आसाराम घोडके यानं आपली जीप धुऊन-पुसून, बॉनेटला निळा झेंडा लावून चेतनला थेट मुंबईच्या विमानतळावर सोडलं. रंगनाथांनी भाषणात सांगितलं, "आमचा चेतन आता मागं वळून बघणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेतननं मान खाली घातली होती, ती लाजेनं असं सगळ्यांना वाटलं.

फोन महिन्यातून एकदा यायचा, शेजारच्या एसटीडी बूथवर, तोही चार मिनिटांचा. त्यातली तीन मिनिटं त्याची आई छबूबाई बोलायची. बाकीचं सगळं ई-मेलवर. सावेडीत सीमा शिंदे नावाच्या बाईनं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता आणि तिथंच एका टेबलावर इंटरनेट ठेवलं होतं. दर शनिवारी सकाळी रंगनाथ इस्त्रीचा शर्ट घालून तिथं जायचे. चेतन मराठीच लिहायचा, पण इंग्रजी अक्षरांत. सीमा म्हणायची, "काका, छापून देते ना कागद." हे म्हणायचे, "छापायचं काय त्यात? आम्ही कानानं ऐकून उतरवलंय, हे तर डोळ्यांसमोर आहे." आणि खिशातून पेन्सिल काढून वहीत सगळं देवनागरीत झरझर उतरवून घ्यायचे.

आता झालं असं, की चेतनच्या मजकुरात वाक्याच्या शेवटी काहीबाही चिन्हं असायची. दोन टिंबं एकावर एक, मग आडवी रेघ, मग कंस. रंगनाथांनी पहिल्याच दिवशी निकाल लावला, हा लाइनवरचा कचरा. अमेरिकेहून येतंय, वाटेत काय कमी खांब असतील? त्यांनी ती गाळली. एकदा मात्र ते सीमावर करवादले होते, "तुमचं मशीन कंस उघडतं आणि बंदच करत नाही हो! शाळेत असता तर छडी खाल्ली असती." सीमा तेव्हा दुसऱ्या मुलीला शिकवत होती, ती नुसती हसली. उतरवून झालं की रंगनाथ म्हणायचे, "आता ते पुसून टाका बाई. तार गुपित असते." सीमा पुसून टाकायची.

आणि गुपित म्हणणारे हेच गृहस्थ रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या ओट्यावर बसून ती वही मोठ्यानं वाचायचे, ही गंमत बघा. 'कंपनी मोठी आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीत सोबत भरपूर आहे. इथली थंडी सोसते. माझी काळजी करू नका.' आसाराम मांडीवर थाप मारायचा, "वाचा तारमास्तर, अजून एकदा वाचा!" चेतनला हे ठाऊक होतं. बाबा सगळ्यांना वाचून दाखवतात, हे रंगनाथांनीच त्याला मोठ्या कौतुकानं कळवलं होतं.

सप्टेंबरातला एक शनिवार. रंगनाथ नेहमीप्रमाणे गेले तर चेतनचं काही आलेलं नव्हतं. "येईल हो काका, दोन दिवस इकडंतिकडं," सीमा म्हणाली. ते उठायला लागले, तेवढ्यात समोरच्या भिंतीवर लक्ष गेलं. सीमानं क्लासच्या मुलींसाठी हातानं एक तक्ता काढून चिकटवला होता. त्यावर तीच चिन्हं! टिंबं, रेघ, कंस.

"हा कचरा भिंतीवर कशाला लावलात?"

"कचरा काय काका! चेहरे आहेत ते. मान डाव्या खांद्यावर टाका आणि बघा. टिंबं म्हणजे डोळे, रेघ म्हणजे नाक."

रंगनाथांनी आधी दाराकडं बघितलं, कुणी येत नाही ना. मग मान कलती केली. आणि आई शप्पथ, कागदातून एक माणूस त्यांच्याकडं बघून हसला! मास्तर लहान मुलासारखे खूश झाले. मान सरळ केली की कचरा, कलती केली की हसू. दोनतीनदा करून बघितलं.

"म्हणजे आमचा चेतन हसत होता म्हणा की!"

"हो तर. कंस बंद होणारा असला की हसरा."

"आणि हा खालचा?"

"तो उघडणारा कंस. तोंड खाली वळलेलं. तो रडवेला."

रंगनाथांची मान तशीच कलती राहिली. बंदच न केलेला कंस. छडी खाल्ली असती, असं आपण म्हणालो होतो. म्हणजे होता. आपल्या डोळ्यांनी बघितला होता, एकदा नव्हे, चांगला चारपाच वेळा. पण कोणत्या वाक्यापुढं?

"बाई, जुनं सगळं काढा. पहिल्यापासून."

"कुठून काढू काका? तुम्हीच दर वेळी पुसायला लावता."

ते पुन्हा खुर्चीत बसले. सीमानं पाणी दिलं, ते दोन्ही हातांनी धरून प्यायले.

घरी येऊन वही उघडली तर त्यांचंच वळणदार अक्षर त्यांना खायला उठलं. 'जेवण वेळेवर होतं.' हसून म्हणाला की रडून? 'खोलीत सोबत भरपूर आहे.' म्हणजे मजेत आहे की पाय पसरायला जागा नाही? 'माझी काळजी करू नका.' या वाक्यापुढं जर तो उघडा कंस असला तर? एकेक वाक्य ते दोन्ही तऱ्हांनी वाचून बघत होते आणि दोन्ही तऱ्हांनी ते खरं वाटत होतं. चौतीस वर्षांत परक्यांच्या तारेतलं एक टिंब हरवू दिलं नाही या माणसानं, आणि पोटच्या पोराचं तोंडच गाळून टाकलं! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना.

छबूबाई तांदूळ निवडत होती, ते ताट बाजूला ठेवून समोर येऊन बसली. लपवून ठेवायची त्यांच्यात धमकच नव्हती, सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल असं त्यांना वाटलं होतं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली.

"काय ठावं होतं?"

"लेकरू दर फोनला इचारतं, लिंबाला फुलं आली का, दाराशी कुत्रं अजून बसतं का. ज्याचं मन तिथं रमलंय त्यो इथल्या कुत्र्याची चौकशी कशाला करंल वो?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी वाचत हुता की समद्यांसमोर. किती खूश दिसायचा तुमी. माझी जीभ उचलंना."

रंगनाथांनी वही मिटली. मग ताडकन उठले. तार अर्धवट आली तर सिग्नलर काय करतो? पलीकडच्याला पुन्हा पाठवायला सांगतो. त्यात कमीपणा नसतो. ते तसेच, पायात वहाण सरकवून, पुन्हा सीमाकडं गेले आणि एका बोटानं टाइप करून पाठवलं: 'तुझी चिन्हं इकडं गाळली गेली. चूक माझी. जानेवारीपासूनची सगळी पुन्हा पाठव. लोकांना वाचून दाखवणार नाही. बाबा.'

रविवारी ते विहारात गेलेच नाहीत. तब्येत बरी नाही असा निरोप धाडला, आणि ते काही खोटंही नव्हतं. सोमवारी क्लास उघडायच्या आधी दारात हजर. काही नाही. मंगळवारी काही नाही. बुधवारी सीमाच म्हणाली, "काका, आलं की मी घरी येऊन सांगते, तुम्ही असे उन्हात उभे राहू नका." पण घरी बसलं की दारावर टकटक होईल याची धास्ती. आता आपल्या दारात तारवाला येतोय, असंच त्यांना दिवसभर दिसायचं. अमेरिकेत एकटं पोरगं, काही करून बसलं तर? हा विचार आला की ते उठून अंगणात जायचे, लिंबाला हात लावायचे, परत यायचे. छबूबाई बघत राहायची. तिलाही झोप नव्हती, पण दोघांनी घाबरून कसं चालेल म्हणून ती भांडी घासत बसायची, घासलेलीच.

शनिवारी सकाळी मेल आली. सीमानं खुर्ची ओढून दिली आणि स्वतः मुद्दाम पलीकडं जाऊन उभी राहिली. रंगनाथांनी पेन्सिल काढली. हात सवयीनं वहीवर गेला.

'बाबा, चिन्हं पुन्हा पाठवत नाही, आता शब्दांतच लिहितो. एप्रिलपासून कंपनीनं नुसतं बसवून ठेवलंय. काम नाही. एका खोलीत सहाजण राहतो. मी दिवसभर कुणाशी बोलत नाही. तुम्हाला लिहिताना खोटं लिहायचो, पण नुसतं खोटं लिहवत नव्हतं, म्हणून शेवटी तो चेहरा टाकायचो. वाटायचं, बाबांना कोडं सुटतं, कधीतरी बघतील. सगळी वस्ती सोडायला आली होती. कुठल्या तोंडानं परत येऊ? पण येऊ का?'

आणि शेवटी, दोन टिंबं, रेघ, उघडा कंस.

रंगनाथांनी मजकूर उतरवला. मग ते चिन्हही उतरवलं, जसंच्या तसं, टिंबं नीट गोल करून. वहीत पहिल्यांदाच. मग मान खांद्यावर टाकून त्याच्याकडं बघितलं आणि त्यांना आपल्या पोराचं तोंड दिसलं, विहारातल्या सत्काराच्या दिवशी खाली घातलेलं. ती लाज नव्हती. त्या दिवसापासूनच घाबरला होता पोरगा, बापासारखाच.

त्यांनी कळफलक ओढला आणि दोन इंग्रजी अक्षरं टाइप केली. देवनागरीत त्यांचं एकच होतं: ये.

"काका, एवढंच?" सीमानं लांबून विचारलं.

"हसरं कुठून काढायचं ते दाखवा," रंगनाथ म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते विहारात गेले. वंदना झाली. आसारामनं ओट्यावर जागा करून दिली. "मास्तर, मागच्या रविवारी चुकवलंत. चेतनचं काय आलंय? वाचा की."

छबूबाई बायकांत बसली होती, तिनं मान वर केली. रंगनाथांनी वही काढली. वाचून दाखवणार नाही असं त्यांनी पोराला लिहिलं होतं, आणि ते त्यांनी मोडलं नाही. वही बंदच ठेवली मांडीवर.

"वाचणार नाही," ते म्हणाले. "सांगतो. आजवर मी तुम्हाला अर्धंच वाचून दाखवलं. पोराला तिथं काम नाही. तो परत येतोय. मी बोलावलंय त्याला."

रंगनाथांचा हात छातीवर गेला. एवढ्या वर्षांत हीच एक बातमी अशी होती, की जी सांगितल्यावर समोरचा काय म्हणेल ते ऐकायला त्यांना तिथं थांबायचं होतं.

आसारामनं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"इमान कंच्या दिवशी येतंय तेवढं इचारून ठेवा मास्तर," तो म्हणाला. "जीप धुवावी लागंल."