बाबांची गाठ

मोर्चाचे फलक बांधायला मी बोईसरच्या दुकानात दोरी घेत होते. नव्या नायलॉनचा वास आला, तशी बाबांची होडी आठवली, आणि तिच्यामागून मुलांचा मनोरुग्ण वॉर्ड.

माझी बहीण मीना तेव्हा तेरा वर्षांची होती. ती घाबरून ओरडली, म्हणून सिस्टरने तिचे हात पट्टीने खाटेला बांधले. सांभाळायला माणसं कमी, म्हणून पोर बांधायची आणि त्याला उपचार म्हणायचं! पण तेव्हा आम्ही कुणीच हे बोललो नाही. शिरगावला मासेमारी करणारे बाबा पुढे झाले.

“सिस्टर, ही गाठ काचंल पोरीला. सरा, मी बांधतो. आमची गाठ होडी धरते, पन काचत नाय.”

“काका, तुम्हालाच इथे ठेवून घ्यायला हवं!” सिस्टर हसली.

मीना रडायची थांबली होती. बाबा आले म्हणजे सोडतील, असं तिला वाटलं होतं. बाबांनी मायेने, हळुवार हातांनी पक्की गाठ मारली.

“बाबा, तुमी पन?”

मनगटावर वळ उठला नाही, याचं आम्हाला केवढं समाधान! ‘सोडा तिला’ एवढंच म्हणायला हवं होतं.

मीना आता बरी आहे, बाबांशी हसून बोलते. फक्त ते जवळ बसले, की दोन्ही हात ओढणीत घेते.