वाइनवाल्या वहिनी

"मी वाइन विकते," हे त्या इतक्या ठणठणीत आवाजात सांगायच्या की विचारणाराच इकडेतिकडे बघू लागायचा.

बहरीनमध्ये आम्हा मराठी लोकांत नोकरी विचारली की कंपनीचं नाव सांगायची पद्धत. वहिनींच्या कंपनीचं नाव चांगलं लांबलचक होतं आणि शेवटी 'ट्रेडिंग' होतं. तेवढं सांगून भागलं असतं. पण नाही. "ट्रेडिंग कसलं? खजुराचं? वाइन विकते. खलास." त्यांचं बहुतेक बोलणं या खलासवर संपायचं. पाठीमागे सगळे त्यांना वाइनवाल्या वहिनी म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

जिदहफ्सला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. त्या मूळच्या राजापूरकडच्या. यजमान सित्र्याच्या तेल रिफायनरीत फिटर होते. सत्तरच्या दशकात एका सकाळी कंपनीच्या बसमध्येच हार्ट अटॅकने गेले. पदरी शाळेत जाणारा मुलगा. मनामामधल्या वाइन आयात करणाऱ्या कंपनीने वहिनींना आपल्या दुकानात नोकरी दिली आणि व्हिसाही. नोकरी गेली की व्हिसा जाणार आणि व्हिसाबरोबर मुलाची शाळा. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी लोक नाकं मुरडायचे.

नाकं मुरडणाऱ्यांतले निम्मे त्यांचंच गिऱ्हाईक. खाकी पिशवीत बाटली घ्यायची आणि वहिनींना ओळखतच नसल्यासारखं निघायचं. आमचे हेही त्यांतलेच. मी एकदा विचारलं, "वहिनी, आमच्याकडे महिन्याला किती येतात हो?"

"गिऱ्हाईकाचं आम्ही बोलत नाही."

फ्रान्समधल्या एका मळ्याची लाल वाइन त्यांच्या खास मर्जीतली. तीन जातींच्या द्राक्षांची. "एक जात लवकर पिकते, एक उशिरा. पावसाने एकीला झोडपलं तर दुसरी वाचते. शेतकऱ्याचं डोकं आहे ते, फॅशन नाही." चव विचारली तर म्हणत, "गोडा मसाला असतो ना, तसं. नुसतं दगडफूल कोणी खातं का?" विकायची तर माहीत हवी, म्हणून चारचौघांदेखत एक घोट घेऊन बघितला होता त्यांनी. आवडली मात्र नाही.

त्या मळ्याची मालकीण एकदा धंद्यानिमित्त बहरीनला आली. वहिनींनी तिला घरी जेवायला आणलं, मलाही बोलावलं. साठीची उंच बाई, हात शेतात राबून भेगाळलेले. आमटी-भात तिने मिटक्या मारत खाल्ला आणि मोडक्या इंग्रजीत सांगू लागली. नवरा गेल्यावर सगळं गाव म्हणत होतं, मळा विकून टाक. बाई तळघरात उतरली की पिंपातली वाइन आंबते, अशी त्यांच्याकडची समजूत. तळघराचा जुना कारभारी तर कामच सोडून गेला.

"मग?" वहिनींनी विचारलं.

"मग मीच उतरले. कुठल्या द्राक्षाचं किती घ्यायचं, तेही मीच ठरवलं. तुम्ही विकता ती तीच वाइन."

"आंबली नाही?"

"तुम्हाला कधी कोणी परत आणून दिली?"

वहिनींनी तिच्या ताटात आणखी भात वाढला.

त्याच वर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या मंडळाच्या कमिटीने ठरवलं, दारूच्या धंद्यातल्या माणसांनी नैवेद्याला हात लावायचा नाही. मंडळात असं माणूस एकच होतं. उकडीचे मोदक वर्षानुवर्षं वहिनीच करत. अध्यक्षांनी माइकवरून हे जाहीर केलं आणि मग बाजूला येऊन समजूत काढली, "वहिनी, ती नोकरी सोडा, मोदक तुमचेच."

"नोकरीही माझी आणि मोदकही माझे. खलास."

चतुर्थीला त्या पदर खोचून सरळ स्वयंपाकघराकडे आल्या. दारात अध्यक्षांच्या मिसेस उभ्या होत्या. "वहिनी, तुम्ही बाहेर थांबा."

"आंबले तर सांगा," म्हणत वहिनी त्यांना वळसा घालून आत शिरल्या आणि उकड मळायला बसल्या. हाताला धरून उठवायची कोणाची टाप नव्हती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की बघण्याच्या नादात खवणीवर बोट कापून घेतलं. मोदक सगळ्यांनी खाल्ले. अध्यक्षांनी मागून घेतले.

पुढे दरवर्षी तेच. वहिनी येत, कोणी अडवत नसे. पण माइकवरून बोललेलं कोणी मागेही घेतलं नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मुलगा नोकरीला लागला होता आणि वहिनी राजापूरला परत निघाल्या होत्या. मंडळाने गणपतीतच त्यांचा सत्कार ठरवला. अध्यक्ष घरी सांगायला आले.

"शाल नको," वहिनी म्हणाल्या. "माइकवरून बोललात ते माइकवरूनच मागे घ्या. मग येते."

"अहो, ते आता कोणाच्या लक्षात आहे?"

"माझ्या."

वहिनी ऐनवेळी नाही म्हणणार नाहीत, असं अध्यक्षांना वाटलं असावं. आरतीच्या आधी त्यांनी माइकवर वहिनींचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. पुन्हा पुकारलं. वहिनी आत मोदकाच्या पारीला कळ्या पाडत होत्या, एकेक, सावकाश.

"जा ना वहिनी," मी म्हटलं. "देवासाठी तरी."

"देव कुठे काय म्हणाला होता?"

बाहेर टाळ्या विरत गेल्या. अध्यक्ष शाल हातात धरून तसेच उभे राहिले. त्याच आठवड्यात वहिनी राजापूरला गेल्या.

पुढच्या वर्षी कमिटीने मोदक माझ्यावर सोपवले. मी म्हटलं, करते, पण आधी माइक द्या. अध्यक्षांनी माइक दिला नाही, मी मोदक केले नाहीत. त्या वर्षी गणपतीपुढे दुकानातले पेढे होते.