आठ ठिपके

मंगळवारी सकाळी दहा वाजता जळगावहून फोन आला. अक्का म्हणाली, "हे गेले. ये." मी धुळ्याच्या स्टँडवर गेलो आणि जळगावच्या बसमध्ये बसलो.

पारोळा मागे पडलं तरी मला रडू आलं नव्हतं. राग आला होता. तीन शब्द! माझी बहीण एकेकाळी दळण आणायला गेली तर गिरणीवाल्याच्या सुनेच्या माहेरची हकीकत घेऊन परतायची. त्या बाईने नवऱ्याच्या मरणाची बातमी तीन शब्दांत दिली, आणि हे तिला कोणी शिकवलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्याचं न ऐकणारी माणसं खानदेशात काही कमी नाहीत. पण माझ्या मेहुण्यांनी उभ्या जन्मात एकाही माणसाचं ऐकलं नाही. ऐकलं ते फक्त यंत्राचं. तेहतीस वर्षं ते तारघरात होते. कानाशी कडकट्ट कडकट्ट वाजायचं आणि भाऊजी त्यातून लग्नं, बदल्या, मरणं कागदावर उतरवायचे. त्या नोकरीने त्यांना दोन सवयी लावल्या. पहिली, शब्द मोजून बोलण्याची. मला त्यांची पत्रं यायची ती अशी : "पोचलो. आंबे चांगले. अक्का ठीक." अक्काला अर्धांगाचा झटका आला तेव्हाही त्यांनी मला कळवलं, "अक्का पडली. ये." मी समजलो, घसरून पडली असेल. दोन दिवसांनी सावकाश गेलो, तर तिचा उजवा हात आणि पाय दोन्ही गेलेले. त्या दिवशी मी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. "भाऊजी, आणखी दोन शब्द लिहिले असते तर काय बिघडलं असतं?" ते शांतपणे म्हणाले, "ये म्हटलं होतं ना? मग?"

दुसरी सवय, यंत्रावरचा विश्वास. माणूस थापा मारतो, यंत्र मारत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे घड्याळ बंद पडलं तर ते घड्याळवाल्यावर संशय घेत, घड्याळावर नाही. मी महाविद्यालयात ग्रंथपाल. छापलेल्या अक्षरावर माझा जेवढा विश्वास, तेवढा त्यांचा खटक्यांवर. अर्थात आमचं कधी जमलं नाही. मी गप्प बसायचो आणि ते मला, "या, पुस्तकमास्तर," म्हणायचे.

अक्काला सिनेमाचं वेड. लहानपणी धरणगावला मामांकडे गेलो की तंबूतला एक खेळ ती सोडत नसे. लग्नानंतर मात्र भाऊजींनी तिला टॉकीजमध्ये नेलं असेल ते बोटावर मोजण्याइतकं, आणि तेव्हाही मध्यंतराला, "संपला ना? चला," म्हणून उठायचे. झटक्यानंतर टॉकीजच्या पायऱ्याच बंद झाल्या. त्यावर एकदा जेवताना ते अचानक म्हणाले, "टॉकीज घरात आणू." आणि खरंच आणली. भला मोठा रंगीत टीव्ही, व्हिडिओ, एक काळाकभिन्न अ‍ॅम्प्लिफायर आणि खोलीच्या चार कोपऱ्यांत चार खोके. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे तेव्हा होम थिएटर हा शब्द फक्त जाहिरातीत होता. गल्लीतली माणसं चप्पल काढून बघायला येत.

यंत्रं तीन, म्हणून रिमोटही तीन. अक्काला एकच हात, तोही डावा. एक उचलला की दुसरा पलंगाखाली जायचा. ती म्हणाली, "मला तीन नकोत. एक द्या, आणि त्याला एकच बटण ठेवा. तुम्ही बाजारात गेलात तरी मला माझ्या हाताने सिनेमा लावता यावा. पाणी द्या, उशी द्या, आता सिनेमा द्या, किती वेळा हाक मारू माणसाला?" हे ती हसत म्हणाली. पण मी तिचा भाऊ. मला तिच्या त्या हसण्याची चीड आली. मागून घेणं या बाईला कधी जमलंच नव्हतं.

भाऊजींनी ओळखीच्या रेल्वेवाल्याकडून मुंबईहून एक रिमोट मागवला. सगळ्या यंत्रांना चालणारा. आत शेकडो यंत्रांचे आकडे भरलेले. आपल्या यंत्राचा आकडा शोधून त्यात पक्का करायचा, की एका बटणात तिन्ही चालू. मला पत्र आलं, "रिमोट आला. ये. हात लावायचा नाही."

इथून पुढचे आठ महिने आठवले की अजून माझ्या हाताच्या मुठी वळतात. आठ महिने! एकही सिनेमा पुरता नाही. अक्का नाचगाण्यात रंगली की भाऊजी पलंगाच्या कडेला बसून रिमोट रोखायचे, बटण दाबत एकेक आकडा पुढे सरकवायचे आणि आवाज तरी जायचा नाहीतर चित्र तरी. "झालंच," म्हणायचे. अक्का म्हणायची, "तुमची तार आली की लोक रडायचे. आता तुम्ही रिमोट घेतला की मी रडते." मी एकदा न राहवून हात पुढे केला, तर त्यांच्या तोंडून थेट गावाकडची अहिराणी निघाली, "हात नको लाऊ! मी करी ऱ्हायनू ना!"

समोरच्या आबांचं घर गल्लीच्या पलीकडे, खिडकीसमोर खिडकी. एका रविवारी क्रिकेटची मॅच ऐन रंगात आली आणि आबांचा टीव्ही बंद पडला. त्यांनी चालू केला, पुन्हा बंद. मग आबांनी त्याच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या, तिसऱ्यांदा बंद झाल्यावर धोतर सावरत ओट्यावर आले आणि ओरडले, "अहो तारमास्तर, मन्हा टीव्हीले काय व्हयनं बघा बरं!" भाऊजी खिडकीतून रिमोट धरून उभे. तासभर गळ टाकून बसलेल्याला मासा लागावा तशा आनंदाने म्हणाले, "आबा, तुम्हना नंबर सापडी गया! लिखी ठेवा!" आबांनी त्यांना जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. अक्का मात्र त्या दिवशी इतकी हसली की तिच्या कपाळावरची टिकली निसटून उशीवर पडली. ती टिकलीही भाऊजीच लावायचे. डाव्या हाताने तिचा नेम बसत नसे. रोज सकाळी ते पाकिटातून एक मखमली टिकली काढायचे आणि दोन्ही डोळे बारीक करून चिकटवायचे, तरी रोज वाकडी. जुनी टिकली आरशाच्या कोपऱ्यात जायची. आरसा सगळा लाल ठिपक्यांनी भरला होता.

टीव्ही आणि व्हिडिओ महिन्याभरात जमले. अडलं होतं अ‍ॅम्प्लिफायरवर. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिलं. भाऊजी एकेक आकडा सरकवत गेले आणि अ‍ॅम्प्लिफायर खट्कन बंद झाला. म्हणजे आकडा सापडला! मी म्हणालो, "झालं की." ते म्हणाले, "थांब. रिमोटला विचारू दे." त्यांनी दोन बटणं एकदम दाबली. रिमोटच्या टोकाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. दोनदा लुकलुकला. थांबला. मग आठदा. भाऊजींनी मान हलवली आणि सापडलेला आकडा पुसून टाकला.

"अहो, का पुसलंत?"

"चूक म्हणाला. आठ ठिपके. तारेत ओळीने आठ ठिपके आले म्हणजे पाठवणारा म्हणतो, चुकलं, मागचं खोडा. समोरचा स्वतः चूक कबूल करतोय, तर मी पुढे कसा जाऊ?"

"रोज असंच म्हणतो?"

"रोज. हट्टी आहे."

मी काही बोललो नाही. न बोलणं हा माझा स्वभाव, आणि आज मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. संध्याकाळी चहा घेताना टीव्हीच्या टेबलाच्या पायाखाली घडी केलेला छापील कागद दिसला. टेबल डुगडुगतं म्हणून तो तिथे खोचला होता. छापील कागद पायाखाली पाहणं मला सोसत नाही. मी बशी खाली ठेवली, टेबल उचललं आणि कागद काढला. रिमोटबरोबर आलेलं माहितीपत्रक होतं ते. बारीक इंग्रजी अक्षरं. मी पलंगाशी बसून वाचून काढलं आणि अक्कासमोर, आवाज चढवून, सांगितलं, "भाऊजी, ही तार नाही! हे नुसते आकडे आहेत. दोनदा लुकलुकला म्हणजे दोन. आठदा म्हणजे आठ. त्यापुढे आणखी एक आकडा आहे, तो तुम्ही कधी बघितलाच नाही. आठ महिने तुम्ही रोज बरोबर उत्तर पुसताय!"

मला वाटलं, आता भडकतील. भाऊजींनी माझ्या हातातला कागद घेतला नाही. रिमोटकडे पाहिलं, अंगठ्याने त्याची पाठ पुसली आणि हळूच म्हणाले, "मंजे तो बिचारा खरं सांगी ऱ्हायना व्हता."

मग त्यांनी पुन्हा आकडा शोधला. दिवा दोनदा लुकलुकला, आठदा लुकलुकला, थांबला आणि पाचदा लुकलुकला. ते आठ ठिपके मोजताना त्यांचा हात खोडायला निघाला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी तो धरून ठेवला. तेवढं झाल्यावर ते उठले, आरशाजवळच्या पाकिटातून एक मखमली टिकली काढली आणि रिमोटच्या वरच्या बटणावर चिकटवली. ही वाकडी नव्हती. "अंगठ्याला लागेल. बघायचं काम नाही," म्हणाले. अक्का म्हणाली, "माझ्या कपाळावर एवढा नेम धरला असतात तर!" तिने अंगठ्याने चाचपून बटण दाबलं. टीव्ही, व्हिडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, एकामागून एक तिन्ही लागले. त्या संध्याकाळी तिने पुरता सिनेमा पाहिला. भाऊजी मध्यंतराला उठले नाहीत.

त्यानंतर ते बावीस दिवस होते. बावीस! आठ महिने वाया घालवून बावीस दिवस. मी बसमध्ये हाच हिशेब करत होतो आणि खिडकीच्या दांडीवर मूठ आपटत होतो. शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालं भाऊ?" मी म्हणालो, "मेहुणे गेले." मग मला रडू आलं.

दहाव्या दिवशी नात्यातल्या बायका आल्या. त्यांनी अक्काचं टिकल्यांचं पाकीट उचललं, आणि एकीने ओला फडका घेऊन आरशावरच्या टिकल्या एकेक खरवडून काढल्या. अक्का पलंगावरून बघत होती. मला म्हणायचं होतं, राहू द्या, त्या आरशाने तुमचं काय केलंय? त्याऐवजी मी फडक्यासाठी पाणी बदलून दिलं. पुसलेला आरसा लखलखीत दिसत होता.

रिमोट उशीखाली होता. तिकडे कोणी पाहिलं नाही.

अक्का रोज दुपारी उशीखालून तो काढते, अंगठ्याने चाचपते आणि बटण दाबते. कोणाला हाक मारत नाही. टिकली अजून आहे.