अज्ञात बुवांचा जौनपुरी

धुळ्यात देवपूरला राहणाऱ्या जीवराम नानांची उभी हयात कापसाची प्रत ठरवण्यात गेली. जिनिंगच्या आवारात गाडी लागली की नाना मूठभर कापूस घ्यायचे, अंगठ्यानं धागा ओढायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर कुणी ब्र काढत नसे. निवृत्त झाल्यावर अंगठा रिकामा झाला, पण निकाल द्यायची खोड गेली नाही. घरच्या वरणापासून शेजारच्या लग्नातल्या मांडवापर्यंत जे समोर येईल त्याला नाना प्रत लावत. एक नंबर, दोन नंबर आणि अगदीच टाकाऊ असेल तर फरदड. फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच थकल्या झाडांना पाणी पाजून काढलेला कापूस, आखूड धाग्याचा आणि डागाळलेला. लग्नानंतर काही वर्षांनी बायको, म्हणजे बेबाबाई, भाकरी थापताना गात होती, तेव्हा पेपरातून डोकं वर न काढता नाना तिलाही फरदड म्हणाले होते. पुढच्या पानावर कापसाचे भाव होते, त्यामुळे आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

अशा माणसाला शास्त्रीय गाण्याचा नाद लागला की आसपासच्यांनी सावध राहायला हवं. कुणी राहिलं नाही. दर रविवारी सकाळी दहाला नानांच्या बैठकीत मंडळी जमू लागली. मंडळी म्हणजे तिघं. जळगावहून पहिली बस धरून येणारे प्रेमराजभाऊ, बँकेतून निवृत्त झालेले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सारिका मॅडम. आणि रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा जब्बार, ज्याच्याकडे आता महिन्याला दोन गिऱ्हाइकं येत, त्यातले एक नाना. बेबाबाई चहा करत. त्यांना मंडळात कुणी धरत नसे.

मंडळाचे नियम कडक होते. रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही, खोकायचं नाही, पंखा आणि कूलर बंद. कूलर होता पत्र्याचा, पस्तीस-छत्तीस वर्षांचा, नानांच्या पहिल्या बोनसमधून आलेला. त्याचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येई. मे महिन्यात धुळ्यात कूलर बंद करून गाणं ऐकणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. रेकॉर्डिंग संपलं की प्रत्येकानं आपल्याला काय जाणवलं ते सांगायचं आणि शेवटी नानांनी वहीत प्रत लिहायची.

मशीन नानांचं होतं. "नाना, पट्टा सैल व्हई जायेल शे, बदली टाकू का?" असं जब्बारनं तीन वर्षांत किती वेळा विचारलं असेल त्याची गणती नाही. नाना दर वेळी हात आडवा धरत. "हात लावायचा नाही. या मशिनवर तीस मिनिटांची कॅसेट चाळीस मिनिटं चालते. आहे दुसऱ्या कुठल्या मशिनमध्ये हा गुण?" नानांच्या मशिनवर प्रत्येक गवयाचा आवाज भारदस्त येई. तोच गवई मोबाइलवर ऐकला की पातळ लागे. त्यावरून मोबाइलमध्ये आवाजाचं सत्त्व जातं असा मंडळानं एकमतानं ठराव केला होता. जब्बार त्या ठरावाला गैरहजर राहिला.

तीन वर्षांपूर्वी नानांचे मित्र उखर्डू मास्तर वारले आणि त्यांच्या कॅसेटचं खोकं नानांकडे आलं. त्यात एक बिननावाची कॅसेट निघाली. तंबोरा आणि आवाज, बाकी काही नाही. राग जौनपुरी. पुरुषी, खोल, न घाबरता चालणारा आवाज. नानांनी अंगठा आणि तर्जनी हवेत धरून धागा ओढला आणि वहीत लिहिलं, "अज्ञात बुवा. लांब धागा. एक नंबर." एक नंबर त्या वहीत तोवर कुणालाच मिळाला नव्हता.

तेव्हापासून महिन्याचा शेवटचा रविवार बुवांचा झाला. प्रत्येक वेळी बुवांविषयी नवं काही कळे. "बुवांच्या डाव्या गालात पान आहे," प्रेमराजभाऊ म्हणत. "आकार जरा ओला येतो." सारिका मॅडमना त्या आवाजात दुःख दिसे. "या माणसाची बायको गेली असावी," त्या एकदा डोळे पुसत म्हणाल्या. बेबाबाई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मॅडमच्या कपात आणखी अर्धा चमचा साखर घातली. तंबोऱ्याविषयी नाना बोलत. असा भरीव, कुठेही न तुटणारा तंबोरा मिरजेचाच, आणि तोही जोडीनं छेडलेला. पण सगळ्यात वरचं काही असेल तर ते बुवांचं मौन. अंतऱ्याच्या ऐन मध्यावर बुवा थांबतात. फक्त तंबोरा चालू राहतो. पुरे सोळा सेकंद. मग एक बारीक झांज वाजते आणि बुवा षड्जावर येतात. या सोळा सेकंदांत मंडळातल्या प्रत्येकाला काही ना काही झालेलं होतं.

यंदा नानांनी चौदा पानांचा निबंध लिहिला, 'अज्ञात बुवांचं मौन'. जूनच्या पहिल्या रविवारी जळगावच्या श्रोत्यांपुढे तो वाचायचा होता. हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. नानांनी नवा सदरा शिवला. कापूस ओळखणारा म्हणून दोन जिल्हे त्यांना मानत होतेच. कानाचीही तशीच ख्याती व्हावी एवढी एकच इच्छा राहिली होती, आणि ती आता आठवड्यावर आली होती. रात्री झोपेतही ते धागा ओढत, असं बेबाबाई सांगत.

मेच्या शेवटच्या रविवारी बुवांची शेवटची बैठक बसली. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा झाडाबाहेर निघेना. कूलर बंद झाला, कॅसेट लागली. पाचेक मिनिटं झाली असतील, तोच बुवा खाली उतरू लागले. खर्जात गेले, खर्जाच्याही खाली गेले. "क्या बात है," प्रेमराजभाऊ नियम मोडून पुटपुटले. नानांची मान आपोआप हलू लागली. तीन वर्षांत बुवा इथवर कधी उतरले नव्हते. आवाज जमिनीला टेकला आणि थांबला. मौन. या वेळी तंबोरासुद्धा नाही. सगळे डोळे मिटून बसले. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन टपटपत राहिला. दोनेक मिनिटांनी जब्बार म्हणाला, "पट्टा तुटी गया, नाना."

आता नानांना हात आडवा धरायला कारण उरलं नाही. जब्बारनं शर्टाच्या खिशातून नवा पट्टा काढला. तो तीन वर्षं त्याच खिशात होता. शर्ट बदलला की पट्टाही नव्या शर्टात जाई. दुरुस्ती होईस्तोवर बेबाबाईंनी कूलर लावला आणि मंडळी हवेला पाठ देऊन बसली. दहा मिनिटांत जब्बारनं स्क्रू आवळले, कॅसेट मागे फिरवली आणि बटण दाबलं.

एक बाई गाऊ लागली.

"हे काय केलंस?" नाना उठलेच. "बुवांचं काय केलंस तू?"

"बुवा तेच शेतस, नाना. पट्टा नवा शे."

आवाज ठसठशीत होता, कमावलेला नव्हता, पण सरळ होता. प्रत्येक स्वर ओट्यावर वाटी ठेवावी तसा नेमका पडत होता. विलंबित म्हणून ज्याच्यावर निबंधाची दोन पानं खर्ची पडली होती, ती लय चांगली चालती-फिरती निघाली. सारिका मॅडम घड्याळ लावून बसल्या आणि बोटांवर हिशेब करू लागल्या. "या हिशेबानं चाळीसची तीस होतात," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे आपण इतकी वर्षं..." पुढचं त्यांनी गिळलं.

"काही कळत नाहीये या घरघरीत," नाना कपाळ पुसत म्हणाले. "आधी तो कूलर बंद करा."

प्रेमराजभाऊंनी कूलरचं बटण बंद केलं. पाती मंदावली, थांबली. घरघर थांबली नाही. तोच आवाज, तोच षड्ज, आता मशीनमधून येत राहिला. प्रेमराजभाऊंनी बटण परत चालू केलं. दोन्ही आवाज असे एकजीव झाले की कुठला कूलर आणि कुठला तंबोरा ते सांगता येईना. परत बंद केलं. मिरजेचा तंबोरा निर्विकारपणे चालू होता. बाई त्याच्याच षड्जात गात होती, एवढासाही फरक नाही.

हा कूलर कधी या खोलीबाहेर गेलेला नव्हता, म्हणजे गाणंही इथलंच. पण हे बोलून कोण दाखवणार? नाना कूलरकडे बघत राहिले. तेवढ्यात अंतरा आला आणि मौन आलं. नव्या पट्ट्यावर ते बारा सेकंदांचंच निघालं, आणि सगळं मौनही नव्हतं. बारीक कान दिला तर बांगड्या वाजत दूर जात होत्या, आणि त्या जवळ यायच्या आत झांज वाजली. झांज नव्हती ती. पातेल्यावर ताटली ठेवल्याचा आवाज होता. नानांनी तो आवाज रोज सकाळ-संध्याकाळ ऐकला होता.

बेबाबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"दूध उतू जाई ऱ्हायनं व्हतं," त्या म्हणाल्या. "म्हनीसन उठनू."

बेबाबाईंनीच मग सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. माहेरी भडगावला वडिलांची पेटी होती, रेडिओ होता, तेवढीच शिकवणी. जळगावच्या रेडिओकडे धाडायला म्हणून एका दुपारी घरात कुणी नसताना ती कॅसेट भरली होती. "मंग तुम्ही फरदड म्हनात. ऱ्हाई गयी ट्रंकमा." मास्तरांचं खोकं आलं त्या आठवड्यात त्यांनी ट्रंक आवरली, आणि कॅसेट खोक्यात टाकून दिली.

"तीन वर्षं," नाना म्हणाले. "तीन वर्षं तू काब्रं बोलनी नही?"

"तुम्ही इतलं चांगलं बोली ऱ्हायनात. मधमा मी काब्रं बोलू?" मग सारिका मॅडमकडे वळून त्या म्हणाल्या, "बायको गेलेली नाही हो मॅडम. चहा करून राहिली." प्रेमराजभाऊंनी पानाचा विषय काढला नाही.

नानांना लाज वाटली. चौदा पानांची वाटली, पुढच्या रविवारच्या हॉलची वाटली, पण ती वरवरची. खरी लाज त्या एका शब्दाची होती, जो त्यांनी पेपराआडून टाकला होता आणि जो या बाईनं इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवला होता. त्यांनी वही ओढली. 'अज्ञात बुवा' खोडलं आणि वर लिहिलं, 'बेबाबाई जीवराम पाटील, भडगाव.' पुढच्या 'एक नंबर'ला हात लावायची गरज नव्हती.

"जळगावचं काय करायचं?" प्रेमराजभाऊंनी भीत भीत विचारलं.

"व्याख्यान होईल," नाना म्हणाले. "निबंध नाही. कॅसेट लावायची आणि मी कुणाला काय म्हणालो होतो ते सांगायचं. कूलर टेम्पोत घालून नेऊ, लोकांना खरं वाटायला."

मग त्यांनी बायकोला आपल्या खुर्चीत बसवलं, कॅसेट मागे फिरवली आणि स्वतः जमिनीवर बसले. बेबाबाई स्वतःचंच गाणं ऐकत राहिल्या, पायाच्या अंगठ्यानं ठेका धरून. अंतरा आला. मौन आलं. आणि त्याच घटकेला आतून दुधाचा वास आला, कारण मंडळाच्या दुसऱ्या चहाचं दूध गॅसवर तसंच होतं. बेबाबाई उठायला गेल्या.

"तू बस," नाना म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून स्वतः उठले. त्यांना अजून गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं ते माहीत नव्हतं. आत भांडी वाजली, फुस्स असा आवाज झाला, जळका वास बैठकीपर्यंत आला. बारा सेकंद केव्हाच उलटून गेले. नाना हातात काळवंडलेलं पातेलं घेऊन दारात उभे राहिले.

"बठ्ठं दूध गयं," ते म्हणाले.

बेबाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि वही आपल्याकडे ओढून घेतली.

"फरदड," त्या म्हणाल्या, आणि लिहूनही टाकलं.