मंगलाताईंनी कापलेले सैल शर्ट

मंगलाताई जाधव यांची आणि माझी पहिली भेट एका उसवलेल्या पट्ट्यामुळे झाली. माझ्या सॅकचा खांद्याचा पट्टा निघाला होता आणि मला त्याच संध्याकाळी कुठेतरी जायचं होतं. कुठे ते आता आठवत नाही, तेव्हाही बहुतेक ठरलं नव्हतं. ठाण्याला पूर्वेकडे उतरून, शिवून देणारं कोणी आहे का असं विचारत विचारत मी कोपरीतल्या एका लांबट खोलीत शिरले. आत शिलाई मशिनी, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, भिंतीवर बुद्धांची तसबीर, आणि मोठ्या टेबलाशी उभ्याने कापड कापणाऱ्या एक बाई.

"कुठे निघालीस?" त्यांनी कात्री न थांबवता विचारलं.

"ठरलं नाही."

"मग ठरेपर्यंत बस. काज-बटण येतं?"

"नाही."

"बरं झालं. येतं म्हणणाऱ्या सगळ्या माझ्याशी भांडतात."

बाजूच्या मशिनीवरून दुसऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, आधी जेवली का ते विचार तिला. चेहरा बघ." या शोभाताई, मंगलाताईंच्या धाकट्या जाऊबाई. कापायचं मंगलाताईंनी आणि शिवायचं शोभाताईंनी, ही वाटणी दोघी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासूनची. मी त्या दिवशी शोभाताईंच्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि राहिले. तशी मी कुठेच फार टिकत नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, मग फोनवर पॉलिसी विकल्या, मग गोकर्णला एका हॉटेलात चादरी बदलल्या. ते असो.

मंगलाताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी मी त्या टीव्हीवरच्या व्यवसाय-स्पर्धेबद्दल लिहावं, त्यांचं नेतृत्व आणि आमची संघभावना यावर, असं अंकाच्या मंडळींनी सांगितलं. ते लिहिणारच आहे. पण त्याआधी कारखान्यातली सकाळ सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

ताईंचे सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, त्यांनी विहारात भंतेजींकडून ऐकलं होतं की भिक्खू लोक ठरावीक दिवशी एकत्र बसून आपापली चूक स्वतःच्या तोंडाने सांगतात. आप्पांनी ते कारखान्यात आणलं. मशिनी सुरू होण्याआधी सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहायचं आणि एकेकाने कालची आपली चूक सांगायची. दुसऱ्याची सांगायची नाही. आणि एकजण बोलत असताना मध्ये कोणी तोंड घालायचं नाही, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. "माझ्याकडून कॉलर उलटी लागली." "मी इस्त्री ठेवून फोनवर बोलत बसले." झालं, मग चहा. पहिल्या आठवड्यात मला हे शाळेतल्या शिक्षेसारखं वाटलेलं. नंतर कळलं की ज्या घरात चूक लपवावी लागत नाही, तिथे माणसं फार घाबरत नाहीत. मी एकदा न सांगता तीन आठवडे रत्नागिरीकडे भटकायला गेले, परत आले, तर ताईंनी विचारलं काहीच नाही. टेबलापाशी जागा केली फक्त. माझा नंबर आला तेव्हा मीच सांगितलं. ताई म्हणाल्या, "झालं? चहा घे."

त्यांच्या स्वभावाची आणखी एक गोष्ट. जूनच्या गर्दीत एक गृहस्थ थोरल्या मुलाचा गणवेश धाकट्याच्या मापाचा करून घ्यायला आले. मुलगा बापामागे लपून उभा. ताईंनी तो शर्ट उसवून छोटा तर केलाच, वर नवी कॉलर आणि नवी बटणं लावली. आम्हाला सांगून ठेवलं, या शर्टाला इथे कोणी जुना म्हणायचं नाही. मुलाला म्हणाल्या, "हा तुझ्यासाठी कापलाय हां, खांदे सरळ ठेव." पोरगं खांदे सरळ करूनच बाहेर पडलं.

आता स्पर्धा. अर्ज मी भरला होता, दोघींना न विचारता. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा शोभाताई म्हणाल्या, "मला टीव्हीवर नाही यायचं. माझे दात बघ." मंगलाताई म्हणाल्या, "दात कोण बघतंय, शिलाई बघतील." असा आमचा तिघींचा संघ झाला, ताई कॅप्टन. छोटे व्यवसाय करणारे संघ, दर आठवड्याला एक काम, आणि जो संघ हरेल त्याने तीन परीक्षकांच्या समोर बसायचं. ते विचारणार, चूक कोणाची? मग एकाने घरी जायचं.

दुसऱ्या संघांचे कॅप्टन ओरडायचे, आकडे तोंडावर फेकायचे. ताईंनी पहिल्या दिवशी आम्हाला एवढंच विचारलं, "कोणाला काय येत नाही, ते आधी सांगा." डोंबिवलीच्या बाजारात कापडी पिशव्या विकायचं काम आलं, तेव्हा त्यांनी मला स्टॉलवर उभंच केलं नाही. "हिला एका जागी ठेवलं तर हीपण सुकेल आणि मालपण." मला पिशव्या घेऊन गल्ल्यांमधून फिरायला लावलं. शोभाताई लाजऱ्या, त्यांना मागे मशीन देऊन प्रत्येक पिशवीवर गिऱ्हाईकाचं नाव शिवून द्यायला बसवलं. नाव शिवून मिळतंय म्हटल्यावर बायका थांबून राहिल्या. तो आठवडा आम्ही जिंकलो. शोभाताई त्या दिवशी दात दाखवून हसल्या आणि ते टीव्हीवर आलंही. नेतृत्व म्हणतात ते मला तरी त्या दिवशी दिसलं.

त्यानंतरचं काम एका नव्या हॉटेलच्या वाढप्यांचे शर्ट शिवायचं होतं. आम्ही खूश. हे तर आपलंच काम. मापं आली, ताईंनी कापलं, शोभाताईंनी शिवलं, मी काज-बटण केलं. सादर करायच्या दिवशी ते वाढपी शर्ट घालून रांगेत उभे राहिले आणि सगळा स्टुडिओ हसायला लागला. शर्ट प्रत्येकाच्या अंगावर एक माप सैल. बाह्या बोटांपर्यंत. एका वाढप्याने तर हात पसरून घारीसारखी गिरकी मारून दाखवली.

काय झालं होतं? शाळेचा गणवेश कापताना मूल वर्षभरात वाढेल म्हणून एक माप सैल कापतात. सगळे तसंच कापतात, आयाच तसं मागतात. ताईंचा हात सगळी वर्षं तसाच चाललेला. दाढीमिशीवाल्या पुरुषांचे शर्टही तो हात वाढत्या अंगाचे कापून गेला.

आम्ही परीक्षकांसमोर बसलो. मधले परीक्षक म्हणाले, "चूक कोणाची?"

शोभाताई पटकन बोलल्या. त्यांना सवयच ती. "माझी चूक. शिवताना माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. मी नुसतं शिवत गेले."

मंगलाताई मान खाली घालून गप्प बसल्या. मलाही काही वेगळं वाटलं नाही. शोभाताईंचं संपलं की ताईंचा नंबर, मग माझा. रोज असंच असतं. पण तिथे शोभाताईंचं संपताच परीक्षक म्हणाले, "प्रामाणिकपणाबद्दल धन्यवाद. शोभाजी, तुमचा प्रवास इथे संपतो." संगीत वाजलं. कानात यंत्र घातलेल्या दोन मुली आल्या आणि त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊनही गेल्या.

दार बंद झाल्यावर ताई उभ्या राहिल्या. "अहो, माझं राहिलंय. कापलं मी आहे. माझं राहिलंय."

"कॅप्टन, निर्णय झालाय. बसा."

"अहो पण माझा नंबरच आला नाही."

कोणाला काही समजलं नाही. एक कॅमेरावाला हसला.

शोभाताई तेव्हा चिडल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून कारखाना त्यांनीच सांभाळला. आम्ही थकून आलो की विचारायच्या, "आज काय केलं त्यांनी तुम्हाला?" पण काही आठवड्यांनी तो भाग दाखवला गेला. त्यात शोभाताई चूक कबूल करताहेत आणि कॅप्टन मान खाली घालून गप्प, एवढंच. मग संगीत, मग दार. ताईंचं उभं राहणं कापून टाकलेलं.

दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडे कोणीतरी म्हणालं, "काय शोभाताई, शर्ट शिवता की तंबू?" मग ते नावच पडलं. शाळेच्या फाटकाशी आया कुजबुजायच्या, ही ती तंबूवाली. ज्या बाईची शिलाई धरून आम्ही नव्या मुलींना शिकवायचो, सरळ शिलाई कशी असते बघ म्हणून, त्या बाईला. आणि घरचे नातेवाईक वेगळंच बोलायचे, "मोठीने धाकटीचा बळी दिला."

शोभाताईंनी एका सकाळी, सगळ्या टेबलाभोवती उभ्या असताना, पहिल्यांदा नियम मोडला. दुसऱ्याची चूक सांगितली.

"ताई, तू कापलंस. तुला त्याच क्षणी माहीत होतं."

"शोभा, मी बोलले. तुला नेल्यावर बोलले. विचार हिला."

"नेल्यावर. मी बोलत होते तेव्हा का नाही?"

"तुझं चाललं होतं गं. मध्ये कसं बोलू?"

"ते काय आपलं टेबल होतं का? तिथे कसली रांग पाळत बसलीस?"

 मी साक्ष द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं, कारण माझ्या साक्षीने काही बदलणार नव्हतं. शोभाताईंनी मशिनीवर कापड झाकलं आणि त्या कल्याणला मुलाकडे राहायला गेल्या. त्याला आता दीड वर्ष होत आलं.

स्पर्धेत पुढच्या आठवड्यांत आम्ही दोघी काही कामं जिंकलो, अंतिम फेरीपर्यंत पोचलो आणि तिथे हरलो. शेवटच्या दिवशी कॅप्टनला दोन शब्द बोलायला दिले, तेव्हा ताई म्हणाल्या, "हॉटेलचे शर्ट मी सैल कापले होते. शिलाईत चूक नव्हती." हे मात्र दाखवलं गेलं. अख्ख्या कोपरीने बघितलं. ज्यांनी बघायला हवं होतं त्यांच्या घरी ती वाहिनी तोवर लावायची बंद झाली होती.

आपल्यापैकी पुष्कळांनी ताईंचे सत्कार केले, शाली दिल्या, महिला मेळाव्यांत "नेतृत्व" या विषयावर त्यांना बोलायला बोलावलं. प्रत्येक ठिकाणी त्या गेल्या आणि थोडक्यात बोलून परत आल्या. तुम्हाला वाटलं असेल बाई मितभाषी आहेत. त्या मितभाषी नाहीत. पूर्वी दोघींची बडबड रस्त्यावर ऐकू यायची.

कारखान्यात सकाळ अजून होते. ताईंचा नंबर शेवटी असतो आणि त्या दीड वर्ष एकच चूक सांगताहेत. "मी त्या दिवशी मध्ये बोलले नाही." नव्या आलेल्या मुलींना वाटतं हे काहीतरी प्रार्थनेसारखं असेल. नियमाप्रमाणे त्यावर आम्ही कोणी काही बोलू शकत नाही. पुरे झालं ताई, असंही म्हणू शकत नाही. ते म्हणायचा हक्क एकाच माणसाला आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी कल्याणला जाऊन आले. शोभाताई नातवाची पँट खालून दुमडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "जेवलीस का?" मग बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. कोणती शाळा यंदा रंग बदलतेय, निळा की राखाडी, त्यात अर्धा तास गेला. राखाडी शिवायला वाईट, धागा दिसतो, असं त्यांचं मत. मग हळूच विचारलं, "ती अजून उभ्यानेच कापते? गुडघे दुखतात तिचे. स्टूल घ्या म्हणावं उंच."

मी साठीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. ताई रोज सकाळी काय म्हणतात तेही सांगितलं. त्यांची सुई थांबली.

"रोज?"

"रोज."

"वेडी आहे." मग डोळे पुसले, पदराने, अगदी साधेपणाने, नाक शिंकरावं तसे. "मी नाही येणार गं. आले तर सगळे माझं तोंड बघतील, तिचं नाही. आणि खरं सांगू? अजून राग आहे. मला वाटलेलं जाईल. जात नाही."

"कधी जाईल?"

"मला काय विचारतेस? मी काय तो घालून बसलेय का, काढला की निघाला?" मग म्हणाल्या, "तू लिहिणार आहेस ना त्यात? लिही. पण शर्ट सैल कोणी कापले तेपण लिही."

कोपरीत परत येऊन मी ताईंना हे सांगितलं, लिहू का विचारलं. त्या कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात छापायला सांग." मग विचारलं, "बरी आहे ना ती?" स्टुलाचा निरोप दिला तेव्हा त्या मागच्या खोलीत गेल्या, आणि बराच वेळ आल्या नाहीत.

म्हणून, मंडळी, या गौरव अंकात मी सगळ्यांसमोर लिहिते. हॉटेलचे शर्ट मंगलाताईंनी सैल कापले होते. शोभाताई जाधव यांची शिलाई सरळ होती. ज्यांनी ज्यांनी तो भाग बघितला त्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या तोंडी ते नाव बसलंय त्यांनी ते सोडावं.

राहिली शुभेच्छा. साठीला सगळे शतायुषी व्हा म्हणतात, मीही म्हणते, पण मला ते उगाच तोंडदेखलं म्हणायचं नाही. कल्याणच्या त्या खोलीत मी जे बघितलं त्यावरून वाटतं, शोभाताईंना वेळ लागणार आहे. किती ते त्यांनाही माहीत नाही. मंगलाताई थांबायला तयार आहेत, त्यांना थांबता येतं. तेवढं आयुष्य मात्र त्यांना मिळायला हवं. गुडघे, डोळे, हात सगळं धड राहून मिळायला हवं. आणि शोभाताईंनाही तितकंच. एकीलाच मिळून काही उपयोग नाही.