पूजेत ठेवलेलं पिस्तूल

दसरा जवळ आला की ती केस हटकून आठवते आणि माझा सण कडू होतो. आता निवृत्त आहे, शेजारीपाजारी आपट्याची पानं वाटतो, गोडधोड खातो, पण ती दोघं बहीण-भाऊ डोळ्यांसमोरून जात नाहीत. त्यांची नावं सांगणार नाही. व्हायची तेवढी नाचक्की त्यांची झाली आहे.

खंडेनवमीला आमच्या ठाण्यात शस्त्रपूजन असायचं. रायफली, पिस्तुलं पुसूनबिसून सतरंजीवर मांडायची, हार घालायचे, पेढे वाटायचे. त्या वर्षी मी पेढा तोंडात टाकतोय, तोच कांदिवलीतल्या एका खबऱ्याने मोबाइलवर फोटो पाठवला. फोटो होता औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यातल्या पूजेचा. प्लास्टिकच्या वस्तू छापणारी थ्रीडी प्रिंटरची यंत्रं, पक्कड, पाने, करवत, सगळ्यांना हळदीकुंकू वाहिलेलं. आणि त्याच रांगेत, झेंडूखाली अर्धवट झाकलेलं करड्या रंगाचं एक पिस्तूल. गाळेवाल्याने तो फोटो सणाच्या शुभेच्छांसह स्वतःच्या हाताने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता.

गुन्हेगार हत्यार लपवतो. याने त्याला कुंकू लावलं. घरात लहानपणापासून कोयती, विळी, आजोबांची गिरणीतली अवजारं पुजलेली बघितलेला हा कोकणी माणूस. आपल्या हातून झालेली वस्तू पूजेतून वगळायची नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. फोटो काढताना ती बाजूला सारावी हेही त्याला सुचलं नाही.

पंच घेऊन आम्ही गाळ्यावर गेलो. तिशीचा, चष्मा लावलेला, सभ्य माणूस. दंतवैद्यांना जबड्यांचे नमुने आणि बिल्डरांना इमारतींच्या प्रतिकृती करून द्यायचा. पंचनाम्यावर निमूट सही केली. पिस्तुलाबद्दल विचारलं की एकच उत्तर, शोपीस आहे साहेब, उडत नाही. काडतूस काही मिळालं नाही.

प्लास्टिकचं पिस्तूल म्हणजे गुन्हा कसा, असं मला अजून लोक विचारतात. शस्त्र कायदा लोखंड की प्लास्टिक हे बघत बसत नाही. स्फोटाच्या जोरावर गोळी फेकायला केलेली वस्तू परवान्याशिवाय बनवली की गुन्हा झाला, मग ती भट्टीत घडवा नाहीतर यंत्रावर छापा. मात्र ती खरोखर गोळी फेकते का, हे प्रयोगशाळेने सांगावं लागतं. त्यामुळे ‘उडत नाही’ हा त्याचा बचाव अगदीच पोकळ नव्हता.

कोठडीत तो फार बोलत नसे. त्याची मोठी बहीण रोज डबा घेऊन यायची. अंधेरीला एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. तिच्याशी बोलता बोलता मला वेगळीच गोष्ट कळली. ऑफिसातल्या एका माणसाने तिला लग्नाची मागणी घातली होती, तिने नकार दिला. त्यानंतर त्याने नोकरी सोडली, पण तिला सोडलं नाही. ऑफिस सुटलं की हा खाली हजर. तिने दुसऱ्या ठाण्यात तक्रार केली, गुन्हाही नोंदला गेला. पण पाठलागाचं कलम पहिल्या खेपेला जामीनपात्र. तो त्याच दिवशी सुटला आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तिथेच उभा. हे सगळं तिने इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं, की मला वाटलं रडली असती तर बरं.

भावाने पिस्तूल कशासाठी केलं, याचा अंदाज मला आला. पण तो कबूल होईना. मग मी स्वतः मुद्देमाल घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि तातडीचा अभिप्राय मागितला. तज्ज्ञांनी आपल्याकडचं काडतूस भरून पिस्तूल शिकंज्यात अडकवलं आणि लांबून दोरीने चाप ओढला. गोळी सुटली, पण समोरच्या पुठ्ठ्याला शिवलीसुद्धा नाही. मागचा भाग मात्र फुटला आणि तुकडे मुठीच्या जागेवर उडाले. हातात धरलं असतं तर पंजा गेला असता, असं ते म्हणाले.

ठाण्यात येऊन मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, तू खोटं बोललास, उडतं ते. त्याने घाबरायला हवं होतं, पण त्याचा चेहरा चक्क मोकळा झाला. गुन्हा शाबीत होतोय आणि हा सुखावतोय कशाला, मला कळेना. मग मी पुढचं सांगितलं, की समोरच्याला काही होत नाही, धरणाऱ्याचा हात जातो. तसा तो ताडकन उठला. शिपायाने खांदे धरून खाली बसवलं.

“साहेब, दुसरं ताईकडे आहे,” तो म्हणाला. “एकच काडतूस मिळालं होतं, ते घालूनच दिलंय. मीच बोललो तिला, तो जवळ आला की गोळी झाड.”

तिचा फोन लागेना. ऑफिस सुटायची वेळ. जीप अंधेरीकडे काढली, तर हायवेवर नेहमीचीच रखडपट्टी. आम्ही पोहोचलो तेव्हा ती फाटकातून बाहेर येत होती. तिचा पाठलाग करणारा तो माणूस रस्त्यापलीकडे ज्यूसच्या गाडीशी होता. तिला बघून तो रस्ता ओलांडू लागला आणि तिचा उजवा हात पर्समध्ये गेला. आमच्या महिला हवालदार पळत मागून गेल्या, त्यांनी घरच्या बाईसारखा तिच्या खांद्यावर हात टाकला.

“बाळा, हात रिकामा बाहेर काढ. ते तुलाच लागेल.”

ती थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिली. मग हात बाहेर आला.

त्यालाही आम्ही ठाण्यावर आणलं, नवा गुन्हा नोंदवला. पहिल्या केसचा निकाल लागला नव्हता, म्हणून कायद्याच्या लेखी तो अजून पहिल्या खेपेचाच. जामीन देऊन घरी गेला. पिस्तूल बाळगणं अजामीनपात्र, म्हणून ती कोठडीत गेली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

साक्षीसाठी दिंडोशीच्या कोर्टात मला बोलावणं आलं ते निवृत्तीनंतर. व्हरांड्यात बहीण-भाऊ भिंतीला टेकून उभे होते. दोघंही जामिनावर. नोकरी तिची गेली होती, गाळा त्याचा गेला होता. आणि समोरच्या बाकावर तो बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. भाऊ म्हणाला, प्रत्येक तारखेला येतो. तारीख मोबाइलवर कुणालाही दिसते. पूर्वी त्याला तिची वाट बघत उभं राहावं लागायचं, आता ती कुठे आणि कधी येणार हे कोर्टच त्याला कळवत होतं. मी सरकारी वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, कोर्ट सगळ्यांना खुलं आहे साहेब, नुसतं बसलाय तो. मी शिपायाला सांगून त्याला उठवलं, तर तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

सारी नोकरी मी असं समजत आलो, की हत्यार जप्त झालं म्हणजे धोका टळला. या केसने मला शिकवलं, की आपण जप्त करू शकतो तेवढंच जप्त करतो. हे शिकून उपयोग काय, ते मला आजही सांगता येत नाही.

पुकारा होण्याआधी ती माझ्याजवळ आली. तक्रारीचा सूर नव्हता तिचा.

“साहेब, तुम्ही ते काढून घेतलंत, म्हणून हात वाचला माझा,” ती म्हणाली. “आता तो येतो तेव्हा या हाताने काय करू, तेवढं सांगा ना.”

तेवढ्यात माझ्या नावाचा पुकारा झाला. मला इतकं हायसं कधीच वाटलं नव्हतं. मी आत गेलो.