दोनदा वाजलेला हॉर्न

एसटीचा हॉर्न लागोपाठ दोनदा वाजला, की मला असोद्याचा फाटा आठवतो. माझी मोठी बहीण लांब पल्ल्याच्या शर्यतींत राज्यात पहिली यायची. पहाटे ती जळगाव रस्त्यावर सराव करायची. मागून पहिली गाडी आली की ड्रायव्हर नाना दोनदा हॉर्न वाजवायचे, ती हात वर करायची आणि केळीच्या बागांच्या ओल्या वासात दोघांची शर्यत लागायची. खिडक्यांतली माणसं टाळ्या पिटायची. पुढे तिचा गुडघा गेला, धावणं सुटलं, लग्न झालं. एकदा ती माहेरी आली असताना मी तिला दवाखान्यात न्यायला निघालो. ती लंगडत, मी तिला धरून, असे फाट्यावर पोचतो तोच नानांची गाडी सुटली. तिने थांबवायला हात वर केला. उभ्या माणसाचा गुडघा आरशात दिसत नाही. नानांनी खुशीत दोनदा हॉर्न वाजवला आणि वेग वाढवला. मी ओरडत मागे पळालो, धूळ खाऊन परतलो. ती रस्त्याकडे बघत होती. "नानाले वाटलं, मी आजूनबी शर्यतीत पयते," ती म्हणाली. "सांगू नको त्याले." नाना आता रिटायर होऊन एरंडोलला असतात. भेटले की विचारतात, "तुही बहीन पयते ना आजून?" मी हो म्हणतो.